डिंक्या, मर, नायटा: जिनोम वाचायला लागल्यापासून बुरशीची ओळखच बदलली

गोदाकाठ

आमची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग होती, १८० झाडांची. मी बारावीला असताना बुंध्यांतून डिंक यायला लागला. आधी चार-पाच झाडांना, मग ओळीच्या ओळीला. सकाळच्या उन्हात तो डिंक मधासारखा चमकायचा. त्याखालची साल नखाने उचकटली की आतला भाग तपकिरी, आंबूस वासाचा. वडील तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बुरशी आहे, आणि कार्बेन्डाझिमचे पुडे हातात दिले. दोन वर्षं वडील ते बादलीत कालवून बुंध्याशी ओतत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात ६१ झाडं मुळासकट काढली. ती ओढून बांधावर टाकताना वडील एक शब्द बोलले नाहीत.

पुढे मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा कळलं की डिंक्या ज्यामुळे होतो ती फायटोफ्थोरा मुळात बुरशीच नाही. दिसते हुबेहूब बुरशीसारखी: तसेच पांढरे तंतू, तसेच बीजाणू, कुजवण्याची रीतही तीच. म्हणून शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांनीही तिला बुरशीतच धरलं. पण खऱ्या बुरशीची पेशीभित्ती कायटिनची असते, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं ते. फायटोफ्थोराची प्रामुख्याने सेल्युलोज आणि ग्लुकॅनची. डीएनए जुळवून पाहिला तर हिचे सख्खे समुद्रातले तपकिरी शेवाळ आणि डायटम नावाचे एकपेशीय शेवाळ निघाले. बटाट्यावरच्या फायटोफ्थोराचा संपूर्ण जिनोम, म्हणजे तिच्या डीएनएतली पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी अक्षरं, २००९ साली वाचून झाला. सुमारे २४ कोटी अक्षरं, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा.

याचा आमच्या बागेशी संबंध असा. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या ज्या प्रथिनाला धरून तिची वाढ रोखतं, त्याची घडण फायटोफ्थोरात वेगळी असते, औषधाला तिथे पकड मिळत नाही. ज्यांच्या नावात शेवटी 'कोनॅझोल' येतं ती औषधं बुरशीला अर्गोस्टेरॉल, म्हणजे तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारा स्निग्ध पदार्थ, बनवू देत नाहीत. फायटोफ्थोरा ते बनवतच नाही, तर अडवायचं काय? तिथे मेटालॅक्झिल लागतं, बुंध्याला बोर्डो पेस्ट लागते आणि बुंध्याशी पाणी न थांबू देणारं दुहेरी आळं लागतं. वडिलांनी कष्टात काही कमी ठेवलं नव्हतं. रोगाचं नाव चुकलं होतं.

तेव्हापासून मला हा विषय सोडवत नाही, आणि इथे त्यावर सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं.

पाव फुगवणारं यीस्ट, त्याचा जिनोम १९९६ साली पूर्ण वाचला गेला. पेशीत केंद्रक असलेल्या सगळ्या जीवांत हा पहिला. १ कोटी २० लाखांच्या आसपास अक्षरं, सुमारे सहा हजार जनुकं. माणसाची अक्षरं ३०० कोटींच्या घरात आहेत, म्हणजे बुरशीचं काम त्या मानाने आटोपशीर. त्यामुळेच आज दोन हजारांहून जास्त बुरश्यांचे जिनोम खुल्या संग्रहांत कुणालाही पाहता येतात.

त्यातून काय काय उलटंपालटं झालं! आम्हाला बुरशी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात शिकवली, मीही तिथेच शिकवते. पण १९९० च्या दशकात जनुकं जुळवल्यावर स्पष्ट झालं की ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. माणसाला आतून बुरशी झाली तर औषध सापडणं अवघड जातं त्याचं एक कारण हेच: जे तिला मारतं ते आपल्यालाही सोसत नाही. नावांचा घोळही होता. एकाच बुरशीची लैंगिक अवस्था एका नावाने, अलैंगिक दुसऱ्याच नावाने, कारण दोन्ही एकाच जीवाच्या आहेत हे पाहून कळायचं नाही. डीएनएने ते कळायला लागलं आणि २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत ठरलं, एका बुरशीला एकच नाव. आणि अजून किती बुरश्यांना नावच नाही! आजवर दीड लाखाच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. २०१७ सालचा अंदाज आहे २२ ते ३८ लाखांचा.

आपल्याकडची उदाहरणं, अनुभव, शंका लिहा. मला माहीत असेल तेवढं सांगेन.

तुराटी

ताई, वाचून पोटात कालवलं. माझी रेणापूर तालुक्यात पाच एकर तूर आहे, सोयाबीनमधी. जूनच्या शेवटी पेरली. मागच्या आठवड्यात चार दिवस पाऊस धो धो, नाल्याकडच्या पट्ट्यात पाणी थांबलं. आता तिथली झाडं माना टाकायलीत. सगळे म्हणायलेत मर लागली, कार्बेन्डाझिम वता. पुडे आणून ठेवलेत. तुमचं वाचलं अन् हात थांबला. ही मर बुरशीची का तुमच्या त्या दुसऱ्याची?

गोदाकाठ

भाऊ, आज ओतू नका. आधी एवढं करा. पूर्ण वाळलेलं झाड नको, नुकतीच मान टाकलेलं उपटा. विळ्याने खोड उभं चिरा. आतल्या लाकडात काळ्या-तपकिरी रेघा वर चढत गेल्यात का? बाहेरून मुळाकडून वर जाणारा जांभळट पट्टा आहे का? असेल तर मर, म्हणजे फ्युजॅरियम. आणि आतलं लाकूड बऱ्यापैकी स्वच्छ, पण जमिनीच्या थोडं वर सालीवर तपकिरी-काळा, खोलगट चट्टा, तिथून झाड वाकतं किंवा मोडतं, असं असेल तर फायटोफ्थोराचा करपा. दीड महिन्याची तूर आणि साचलेलं पाणी हे ऐकून मला दुसऱ्याचीच शंका येते. पण पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

अंबानगरी

ताईंनी छान लिहिलं आहे. मी अंबाजोगाईत ३१ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. एक खंत मांडतो.

आमच्या वेळी विद्यार्थी ज्वारीची काणी काचपट्टीवर घेऊन तासभर सूक्ष्मदर्शकात पाहत बसे. बीजाणूची भिंत किती जाड, रंग कसा, काटे आहेत की नाहीत, हे पेन्सिलीने काढायला लागलं की डोळा तयार होई. आता मुलं म्हणतात, सर, नमुना पाठवून देऊ, डीएनएचा निकाल येईल. निकाल येतो, पण शेतात उभं राहून बुरशी ओळखणारा माणूस कुठे राहिला? एडविन बटलर या बुरशीतज्ज्ञाने तुरीची मर १९०६ पासून अभ्यासली आणि १९१० साली तिच्या बुरशीला फ्युजॅरियम उडम हे नाव दिलं. त्याच्याकडे कुठला जिनोम होता?

क्रमवारी

गुरुजी, नमस्कार. मी मूळचा धाराशिवचा, सध्या पुण्यात पीएच.डी. करतोय. काम बुरशीच्या जिनोमवरच आहे. बटलरसाहेबांचं नाव काढलंत, तर तीच गोष्ट पुढे सांगतो, कारण ती मला फार आवडते.

१९४० च्या सुमारास फ्युजॅरियमच्या ढीगभर जाती कमी करायची टूम निघाली. तेव्हा तुरीच्या मरीची बुरशी फ्युजॅरियम ऑक्झिस्पोरमच्या पोटात घातली गेली. हरभऱ्याची मर करणारी तीच, टोमॅटोची मर करणारी तीच, फक्त पीक वेगळं, असं मानलं. नंतर काही जाणकारांनी हरकत घेतली: तुरीवरच्या बुरशीचे कोयत्यासारखे बीजाणू टोकाला आकडीसारखे वाकलेले असतात, ही निराळी आहे. पुढे डीएनए आला आणि पाहिलं तर तुरीची बुरशी ऑक्झिस्पोरमच्या घराण्यातली नाहीच. ती फुजिकुरोई नावाच्या घराण्यातली आहे. त्याच घराण्यातल्या बुरशीने जपानात भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढतात, आणि जिब्रेलिन हे संजीवक आपल्याला तिच्यामुळेच माहीत झालं. म्हणजे तूर आणि हरभरा दोन्ही आपण 'मर' म्हणतो, शेतात दिसतंही सारखंच, पण मारणाऱ्या दोन घराण्यांतल्या. बटलरने दिलेलं नाव आज कायम आहे.

त्यामुळे गुरुजी, मी तुमच्या डोळ्याच्या बाजूनेच बोलतोय. ती आकडी कुणीतरी काचपट्टीवर पाहिली होती म्हणून वाद जिवंत राहिला.

पण डोळ्याला कधीच दिसलं नसतं असंही काही आहे. २०१० साली टोमॅटोच्या मरीच्या ऑक्झिस्पोरमचा जिनोम छापून आला. त्याची सुमारे ६ कोटी अक्षरं. त्यातला पाव हिस्सा, त्यात चार अख्खी गुणसूत्रं, जवळच्या नात्यातल्या बुरश्यांत नाहीतच. रोग करणारी बरीच जनुकं याच जादा गुणसूत्रांवर. मग प्रयोगशाळेत रोग करणारा वाण आणि निरुपद्रवी वाण एकत्र वाढवले. दोन गुणसूत्रं एकातून दुसऱ्यात गेली आणि निरुपद्रवी वाण टोमॅटो मारायला लागला! आईबापांकडून मिळालेला वारसा नव्हे, शेजाऱ्याकडून आलेला. मातीत कोट्यवधी बुरश्या शेजारी शेजारी राहतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तुराटी

म्हणजे बुरशीचा सातबाराच काढायलेत म्हणा की. कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली ते सगळं त्यात दिसतंय.

क्रमवारी

अगदी तसंच, भाऊ. फेरफारासकट.

पैठणकर

प्रश्न बाळबोध वाटेल. ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच ना? मग बुरशी बुरशीला कशी मारते? आम्ही परभणीचं बायोमिक्स, त्यात ट्रायकोडर्मा असतो, अद्रकीला वापरतो, फरक पडतो.

गोदाकाठ

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेटोळं घालतो, तिची कायटिनची भिंत विरघळवतो आणि आतलं खातो. २०११ साली त्याच्या दोन शिकारी जातींचे जिनोम आणि आधीच वाचलेल्या रीसी या त्याच्याच तिसऱ्या जातीचा जिनोम शेजारी ठेवून पाहिले. त्यातून दिसलं की दुसऱ्या बुरशीवर जगणं हाच या घराण्याचा मूळचा धंदा; झाडांच्या मुळाशी राहायला तो मागून आला, बहुतेक आपल्या भक्ष्याच्या मागे मागे.

अद्रकीच्या आणि हळदीच्या कंदकुजीत पिथियम असतो. तोही फायटोफ्थोराच्या गोतातला, खरी बुरशी नाही. वसमत-हिंगोलीकडच्या हळदवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

क्रमवारी

ताईंच्या बोलण्याला पुरवणी. ट्रायकोडर्माच्या पुड्यावर 'व्हिरिडी' लिहिलेलं असतं. आपल्या देशात त्या नावाने वापरात असलेल्या अनेक वाणांचा डीएनए पाहिल्यावर ते ॲस्पेरेलम निघाले. रंग हिरवा, बीजाणू गोल, सूक्ष्मदर्शकाखाली भल्याभल्यांना फरक कळत नाही. वाण चांगला असेल तर काम करतोच, पण नाव बरोबर नसेल तर एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लावता येत नाही.

त्वचा नांदेड

मी नांदेडला त्वचारोगतज्ज्ञ आहे. शेतीतलं मला कळत नाही, पण 'नाव चुकलं' हे वाचून लिहिल्यावाचून राहवेना.

गेली काही वर्षं माझ्या ओपीडीत नायट्याचे रुग्ण थांबत नाहीत. पूर्वी दोन आठवडे टर्बिनाफाइन दिलं की गजकर्ण जायचं. आता अख्खं घर येतं: आजी, सून, दोन लेकरं, सगळ्यांच्या कमरेला आणि जांघेत चट्टे. महिना-महिना गोळ्या घेऊनही खाज तशीच. आम्ही आधी म्हणायचो, रुग्ण औषध नीट घेत नाही. कित्येकांना मी स्वतः रागावलो आहे.

मग २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतली बुरशी तपासून नवी जात नोंदवली, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. सूक्ष्मदर्शकाखाली ती जुन्या मेंटाग्रोफायटिस-इंटरडिजिटालेसारखीच दिसते, म्हणून इतकी वर्षं त्याच नावाखाली नोंदली जात होती. डीएनएत मात्र वेगळी. टर्बिनाफाइन बुरशीच्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्याच्या जनुकात हिच्यात बदल झालेला असतो. बहुतेक वेळा एका अक्षराचा फरक, पण गोळीला धरायची जागाच बदलते. वेगवेगळ्या भागांतल्या नमुन्यांचे जिनोम पाहिले तर ते एकमेकांशी इतके जुळतात की ही एकाच घराण्याची पिलावळ वेगाने पसरली आहे हे लक्षात येतं.

हे वाढलं कशाने याची अनेक कारणं आहेत, पण एक मी रोज पाहतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारं स्टेरॉइड मिसळलेलं मलम. लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि चट्टा आतल्या आत पसरत जातो. कृपा करून ते लावू नका. घरातल्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्या, टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात उलटे करून वाळवा.

बिंदुसरा

डॉक्टर, तुम्ही स्टेरॉइडचं लिहिलंत म्हणून विचारते. २०२१ च्या मे महिन्यात माझा मामा म्युकरने गेला. कोरोनातून बरा होऊन घरी आला होता. साखर होती. आधी गाल दुखतो म्हणाला, मग डोळा सुजला. आम्ही इंजेक्शनसाठी बीड, संभाजीनगर, नगर सगळीकडे फोन केले. सगळे 'काळी बुरशी' म्हणायचे. मामी अजूनही भिंतीवर ओलीचा काळा डाग दिसला की तो घासत बसते, तिला वाटतं तीच. खरंच तीच असते का?

त्वचा नांदेड

ताई, वाचून फार वाईट वाटलं. त्या महिन्यात आम्ही डॉक्टरही हतबल होतो.

नाही, भिंतीवरची ती नव्हे, मामींना हे नक्की सांगा. त्या आजाराची मुख्य बुरशी ऱ्हायझोपस, आणि ती काळी नसते. पावावर, कुजक्या फळावर जो पांढरा-राखाडी कापूस उगवतो ते तिचे भाईबंद. काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं आपलं मांस. ती रक्तवाहिनीत शिरून वाहिनीच बंद करते. 'काळी बुरशी' हे नाव चुकीचंच पडलं, आणि त्याने लोक भलत्याच गोष्टीला घाबरले.

क्रमवारी

बिंदुसराताई, मामांच्या साखरेचं लिहिलंत म्हणून सांगतो. ऱ्हायझोपसचा जिनोम २००९ साली आला. फार जुन्या काळी तिच्या सगळ्या जनुकांची एकदम दुप्पट झाल्याची खूण त्यात आहे. या गटाच्या बुरश्यांच्या पृष्ठभागावर कॉटएच नावाची प्रथिनं असतात, ॲस्परजिलस किंवा कँडिडा या माणसाला होणाऱ्या इतर बुरश्यांत ती सापडत नाहीत. ही प्रथिनं आपल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या एका प्रथिनाला धरून आत शिरतात. रक्तात साखर आणि मोकळं लोह वाढलं की अस्तरावरचं ते प्रथिनही वाढतं, म्हणजे बुरशीला धरायला जागा वाढते. मामांची साखर, त्यावर स्टेरॉइड, अन् तो काळ. घरात कुणाचंही चुकलं नव्हतं, ताई.

बिंदुसरा

मामीला आत्ताच वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पुन्हा एकदा वाच म्हणाली.

अंबानगरी

माझ्या खंतीला क्रमवारी यांनी दिलेलं उत्तर मनाला पटलं. आकडी शिकवताना मी तिच्यामागची ही कथा कधी सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती.

आता प्रश्न असा: शेतकऱ्याला उत्तर हवं असतं आठ दिवसांत. जिनोम त्या वेगाने चालतो का?

क्रमवारी

गुरुजी, चालू शकतो. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशात गव्हाच्या लोंब्या अचानक पांढऱ्या पडल्या. सुमारे १५ हजार हेक्टरवर. आशियात तो रोग आधी कुणी पाहिला नव्हता. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतातून उचललेल्या पानांतूनच थेट जनुकं वाचली आणि सगळी माहिती लगेच खुली करून टाकली. जगभरातले लोक त्यावर बसले. काही आठवड्यांत कळलं की ही आशियातल्या भातावरची करपा बुरशी गव्हावर आलेली नाही, दक्षिण अमेरिकेत गव्हावर असलेल्या घराण्यातली आहे. त्यावरून ठरतं की सीमेवर धान्य अडवायचं की शेजारचं भात पाहायचं.

आणि बांगलादेशाचं अजून एक ऋण आपल्यावर आहे. आपल्या रब्बी ज्वारीला दाणे भरताना पाण्याचा ताण पडला की खडखड्या येतो. ताटं बुडातून पोकळ होऊन लोळतात, फोडलं की आत कोळशाची पूड भरल्यासारखे काळे ठिपके. ती बुरशी मॅक्रोफोमिना. पाचशेहून जास्त वनस्पतींवर जगते, सोयाबीनवरही. तिचा जिनोम २०१२ साली मकसूदुल आलम यांच्या चमूने वाचला, ताग वाचवण्यासाठी. मालदांडी पिकवणाऱ्या आपल्या भागात ते नाव माहीत असायला हवं.

पण रोजच्या कामाला अख्खा जिनोम लागत नाही. बुरशी ओळखायला आयटीएस नावाचा छोटा तुकडा पुरतो, २०१२ साली तोच सगळ्या बुरश्यांचा ओळखपट्टा म्हणून ठरला. फ्युजॅरियम आणि ट्रायकोडर्मात मात्र तो तुकडा जाती-जातींत जवळजवळ सारखा निघतो, तिथे टीईएफ हे जनुक वाचावं लागतं. कुणी नुसत्या आयटीएसवर 'फ्युजॅरियम ऑक्झिस्पोरम' असं छातीठोक लिहून दिलं तर विश्वास ठेवू नका.

त्वचा नांदेड

शेतीवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. ताईंनी वर 'कोनॅझोल'वाली औषधं लिहिली. फुप्फुसात जाणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसला आम्ही देतो ती इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल त्याच घराण्यातली. ही बुरशी शेतातल्या कुजणाऱ्या काडीकचऱ्यात वाढते, फवाऱ्याला तोंड देत देत निर्ढावते. ब्रिटन-आयर्लंडमध्ये रुग्णांच्या फुप्फुसातले आणि मोकळ्या वातावरणातले नमुने जिनोमने ताडून पाहिले, तर औषधाला दाद न देणारे काही जवळजवळ एकच निघाले. गरज नसताना फवारू नका, एवढीच विनंती.

तुराटी

ताई, आज सकाळीच रानात गेलतो. नाल्याकडची सात झाडं चिरली. आत रेघा नाहीत, लाकूड पांढरं. बाहेरून जमिनीच्या चार बोटं वर काळपट चट्टा, दाबला की आत जातो. दोन झाडं तिथंच मोडली. पण वरच्या अंगाला, माळाकडं, तीन झाडं निराळी दिसली. तिथं पाणी थांबत नाही. त्यांच्या खोडावर एका बाजूनं जांभळा पट्टा, अन् चिरलं तर आत काळ्या रेघा. आता काय समजायचं?

गोदाकाठ

म्हणजे तुमच्या एकाच रानात दोन्ही आहेत, असं दिसतंय. नाल्याकडे लगेच चर काढून पाणी मोकळं करा, औषधाआधी हेच. तिथे मेटालॅक्झिल, मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच. माळाकडची झाडं उपटून जाळा, तुराट्या आणि धसकटं रानात राहू देऊ नका, ही बुरशी त्यांच्यावर वर्षानुवर्षं तग धरते. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात तूर नको. किंवा घ्यायचीच तर ज्वारीत घ्या, आणि वाण बदनापूरचा बीडीएन ७११ सारखा. तुरीत ज्वारी घेतली की मर कमी होते हे प्रयोगांत दिसलं आहे. आपले आजोबा तशीच घ्यायचे.

मला दोन्हीकडची झाडं पाठवाल का? अर्धवट सुकलेली, मुळासकट, माती झटकून. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम येऊन सगळं कुजतं. नाल्याकडची मूठभर ओली मातीही वेगळी द्या. मी परभणीला शिकवते, पत्ता निरोपात कळवते.

तुराटी

उद्या सकाळच्या गाडीत देतो. चर आजच खांदायला घेतलाय.

गोदाकाठ

नऊ दिवसांनी लिहितेय, सगळं हाताशी आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

भाऊंची नाल्याकडची माती ताटलीत घेऊन पाणी घातलं आणि त्यावर मोसंबीच्या पानाचे छोटे तुकडे तरंगत ठेवले. तिसऱ्या दिवशी तुकड्यांच्या कडा तपकिरी. एक तुकडा काचपट्टीवर घेतला. कडेला लिंबाच्या आकाराच्या पिशव्या होत्या, देठासकट. पट्टी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढली आणि डोळा लावून बसले. एका पिशवीच्या आत हालचाल सुरू झाली, टोक उघडलं, आणि वीस-पंचवीस थेंबुकले एकामागून एक बाहेर पडून पोहायला लागले. बारावीच्या मुली मागे रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीने पाहिलं. पिशवीतच तयार होऊन बाहेर पडतात म्हणजे फायटोफ्थोरा. पिथियममध्ये ते आधी बाहेरच्या फुग्यात उतरतात. साचलेल्या पाण्यातून झाडाकडून झाडाकडे हेच जातात.

माळाकडच्या खोडाचे तुकडे माध्यमावर लावले होते. सातव्या दिवशी पांढरट वाढ, त्यातून कोयत्यासारखे बीजाणू. गुरुजी, टोकाला आकडी आहे. मी आधी पेन्सिलीने काढली आणि मगच फोटो घेतला.

दोन्ही वाढींचे नमुने पुण्याला आघारकर संस्थेत ओळख पटवायला पाठवायची तयारी केली आहे. फ्युजॅरियमसाठी क्रमवारी यांनी सांगितल्याप्रमाणे टीईएफ वाचायची विनंती लिहिली आहे.

अंबानगरी

चित्राचाही फोटो इथे टाका. मोजपट्टी कडेला ठेवून.

तुराटी

नाल्याकडं नवीन झाड वाळलं नाही चार दिवसांत. कार्बेन्डाझिमचे पुडे दुकानात वापस दिले. दुकानवाला कामून म्हणून विचारायला लागला, तर त्याला खोड चिरून दाखवलं. त्यानं ते अर्धं खोड ठेवून घेतलंय, दुसऱ्याला दाखवायला.